पावसाळ्यात खिडक्या उघडायच्या की लावायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, बाल्कनी पश्चिमेला. जून सरता सरता कपाटातल्या साड्यांना कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यांवर आणि चपलांवर पांढरी बुरशी, बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके. सासूबाई म्हणतात खिडक्या सताड उघडा, हवा खेळू दे. नवरा म्हणतो बाहेरची हवाच ओली, सगळं लावून एसी सुरू करा. दोघांचंही आलटून पालटून ऐकून झालं, बुरशी आहे तिथेच. मग बरोबर कोण?

दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि आलटून पालटून करणं हे दोन्हींपेक्षा वाईट. खरा प्रश्न खिडकीचा नाहीच. घरात येणारं पाणी कुठून येतं, आणि ते नेमकं कुठल्या थंड जागी जाऊन बसतं, हा प्रश्न आहे. उत्तर घरागणिक बदलतं: मजला कितवा, पश्चिमेच्या भिंतीवर झड किती, माणसं किती, कपडे कुठे वाळतात, एसी किती वाजता आणि किती अंशांवर. त्यामुळे खालचे आकडे तुमच्या फ्लॅटला जसेच्या तसे लागू पडतीलच असं नाही, पण हिशेब तोच राहील.

हवेचा विचार करण्याआधी एक खात्री करून घ्या. काळ्या ठिपक्यांच्या जागी फूटभर चौरस अॅल्युमिनियम फॉइल लावा, चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस तसंच ठेवा. फॉइलच्या मागे ओल दिसली तर पाणी भिंतीतून येतंय. चिरा, म्हणजे भिंतीतला जांभा दगड, सच्छिद्र असतो, सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढी चीर गेली तरी पश्चिमेची झड आत ओढून घेतो. पूर्वी पावसाआधी त्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा आडोसा करत, तो उगाच नव्हे. भिंतीतून येणारी ओल खिडक्या उघडून किंवा लावून जात नाही. ती बाहेरून, नोव्हेंबर ते मे या काळात, भिंत पुरती वाळल्यावरच दुरुस्त होते. जुलैत आतून मारलेला ‘वॉटरप्रूफ’ रंग दसऱ्यापर्यंत फुगून सुटतो. फॉइलच्या पुढच्या बाजूला थेंब असतील तर पाणी हवेतलं. दोन्ही बाजू कोरड्या असूनही बुरशी येत असेल तरी नवल मानू नका. बुरशीला थेंब लागत नाहीत, भिंतीलगतची हवा काही दिवस ८० टक्के आर्द्रतेच्या वर राहिली की तिला पुरतं. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे चामडं, कपाट, आतला कोपरा यावरून, प्रकरण हवेतल्या पाण्याचंच वाटतं.

आता हिशेब. हवा जितकी गरम तितकी तिच्यात जास्त वाफ मावते: घनमीटरमागे २४ अंशांना २१.८ ग्रॅम, २६ ला २४.४, २८ ला २७.२, ३० ला ३०.४ ग्रॅम. आर्द्रतामापकावर दिसणारी टक्केवारी म्हणजे या कमाल आकड्याचा कितवा भाग सध्या भरलाय, एवढंच. जुलैतल्या पावसाच्या दिवशी बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल तर घनमीटरमागे २३ ग्रॅमच्या आसपास पाणी. ही हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली की दव धरते. हा २५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तो आडवा येणार आहे.

त्यात घरातलं पाणी मिसळतं. चार माणसांच्या घरात श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक, लादी पुसणं आणि आत वाळणारे कपडे मिळून दिवसाला सहा-आठ लिटर वाफ सहज होते. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं. १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत त्यातून वीस-बावीस लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत गेलेलं असतं. मशीनमधून पिळून काढलेल्या पाच किलो कपड्यांत अजून दोन-अडीच लिटर असतं.

सासूबाईंचं बरोबर कुठे, ते इथे कळतं. तुमचा फ्लॅट सव्वादोनशे घनमीटरचा धरला आणि तासाला एकदा सगळी हवा बदलली, तर घरातली सात लिटर वाफ बाहेर जाते आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा घनमीटरमागे जेमतेम सव्वा-दीड ग्रॅमने जास्त ओली राहते. खिडक्या घट्ट लावून हवा पाचपट कमी बदलली की हाच फरक सहा-साडेसहा ग्रॅमवर जातो. म्हणजे हवा भरून वाहू लागते आणि उरलेलं पाणी भिंतींवर बसतं. म्हणून ‘सगळं बंद, एसी फक्त रात्री बेडरूममध्ये’ हा प्रकार दिवसभर उरलेल्या घराला ओलं करतो.

नवऱ्याचं बरोबर कुठे, तेही याच हिशेबात आहे. कितीही खिडक्या उघडल्या तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी होणार नाही. घर बाहेरपेक्षा एक-दोन अंश उबदार असतं म्हणून आत ८०-८५ टक्के दिसतात, त्याखाली पावसाळ्यात उघडं घर जात नाही. माणसांना ते चालतं. चामडं, रेशीम, अल्बम, पुस्तकं यांना चालत नाही.

म्हणून माझा सल्ला नेहमी एकच: घराचे दोन भाग करा. हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम हा उघडा भाग. एक बेडरूम, शक्यतो जिथे मुख्य कपाट आहे ती, हा कोरडा भाग. मधलं दार लावलेलं. उघड्या भागात उपकरणांनी हवा कोरडी करायला जाऊ नका आणि कोरड्या भागाची खिडकी ‘जरा वारा येऊ दे’ म्हणून किलकिली करू नका.

उघड्या भागात वारा आणि झड दोन्ही बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात. पश्चिमेच्या स्लायडिंगला तळाशी पाणी साचतं आणि खाचेतली बारीक भोकं मातीने बुजलेली असतील तर ते थेट आत उतरतं. मे महिन्यात ही भोकं तारेने मोकळी करा. फार पाऊस असताना पश्चिमेला फक्त छज्ज्याखालची वरची झडप उघडी ठेवा आणि पूर्व-उत्तरेच्या खिडक्या अर्ध्या उघडा. वारा वरून शिरतो, आडोशाच्या बाजूने बाहेर पडतो. छताचा पंखा सर्वात कमी वेगावर चोवीस तास चालू राहू द्या. पंखा हवा कोरडी करत नाही, पण कोपऱ्यातली साचलेली हवा हलवतो आणि तिथली भिंत खोलीइतकी उबदार ठेवतो. काळे ठिपके नेहमी कोपऱ्यात आणि कपाटामागेच का येतात, त्याचं कारण हेच.

बाथरूमला सहा इंची एग्झॉस्ट पंखा पुरतो. तो तासाला साधारण दोनशे घनमीटर हवा काढतो आणि नेहमीचं बाथरूम दहा घनमीटरचं असतं. तरी लोक म्हणतात पंखा आहे पण आरसा पुसावाच लागतो. दोन गोष्टी बघा. दाराखाली पाऊण इंच फट नसेल तर पंखा आत यायलाच हवा नाही म्हणून नुसता घुमतो. आणि आंघोळ झाल्या झाल्या पंखा बंद केला तर लादी-भिंतींवरचं पाणी नंतर घरात येतं. आंघोळीनंतर अर्धा-पाऊण तास चालवा. पंखा पश्चिमेच्या भिंतीत असेल तर बाहेरून आपोआप मिटणारी झडप हवीच, नाहीतर जोराच्या वाऱ्यात तोच पंखा उलटा चालून पाऊस आत आणतो.

स्वयंपाकघरात चिमणीचा पाइप बाहेर गेलाय का ते बघा. कोळशाच्या जाळीतून हवा फिरवून परत खोलीत सोडणारी चिमणी वास आणि थोडं तेल धरते, वाफ एक थेंबही धरत नाही. अशी असेल तर खिडकीत वेगळा एग्झॉस्ट लावा आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सुरू करा, नंतर नव्हे.

कपडे हा सगळ्यात मोठा स्रोत, आणि सगळ्यात दुर्लक्षित. हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधली की ते अडीच लिटर पाणी हळूहळू साड्यांच्या कपाटात जाऊन बसतं. छप्पर असलेली बाल्कनी असेल तर तिथे, बाल्कनीचं दार लावून. नसेल तर बाथरूममध्ये एग्झॉस्ट सुरू ठेवून. तेही नको असेल तर ते काम कोरड्या खोलीतल्या डीह्युमिडिफायरला, म्हणजे हवेतलं पाणी ओढून काढणाऱ्या यंत्राला, द्या. त्यात काहीही चूक नाही, फक्त त्या वेळी कपाट बंद ठेवा.

आता कोरडी खोली. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली ३४ घनमीटरची होते. तिच्यातली हवा ९० टक्क्यांवरून ६० वर आणायला फक्त पाव लिटर पाणी काढावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं. पण खिडकी किलकिली ठेवून वाऱ्याने तासाला पाच वेळा हवा बदलली तर दर तासाला सव्वा लिटरहून जास्त नवं पाणी आत येतं. ‘दिवसाला १२ लिटर’ लिहिलेला डीह्युमिडिफायर ३० अंश आणि ८० टक्क्यांना तेवढं काढतो. तुमच्या खोलीत, ६० टक्क्यांजवळ, तो निम्म्यावर येतो, म्हणजे तासाला पाव लिटर. तुम्ही खिडकीतून त्याच्या पाचपट पाणी ओतताय. यंत्र ‘चालत नाही’ म्हणून परत करणाऱ्या बहुतेकांच्या घरात हेच झालेलं असतं. खिडकीच्या स्लायडिंगला केसाळ पट्टी झिजलेली असेल तर नवी घाला, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक पुट्टीने बुजवा, दाराला खाली रबरी पट्टी लावा.

यंत्र ६० वर लावा. ५० वर लावलंत तर वीज जास्त खर्च होईल, फायदा काही नाही. असं यंत्र २०० ते २५० वॅट घेतं, आणि घेतलेली वीज शिवाय वाफेतली उष्णता मिळून खोली दोन-तीन अंश गरम करतं. लोक याची तक्रार करतात, मला ती सोय वाटते. भिंती उबदार राहतात आणि २५ च्या आकड्यापासून लांब जातात. दिवसा खोलीत कोणी नसताना चालवा, रात्री एसी. टाकीला नळी जोडून बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे लादीतल्या जाळीच्या भोकात, सोडा, म्हणजे टाकी भरून यंत्र थांबणार नाही. वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणारंच मॉडेल घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे हा गुण बाकी सगळ्या बटणांपेक्षा महत्त्वाचा.

एसीबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांमागे तोच असावा अशी मला शंका आहे. रात्रभर २० अंशांवर एसी चालला की बेडरूमची भिंत पार पलीकडून थंड होते. पलीकडे हॉल, तिथली हवा २५-२६ अंशांना दव धरणारी. भिंत त्याखाली गेली की हॉलच्या बाजूने, चित्राच्या चौकटीमागे किंवा शोकेसमागे, ओल धरते. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की हीच गोष्ट आत होते: थंड लादी, थंड गादी, थंड कपाट, आणि वर बाहेरची ओली हवा. दोघांचं आलटून पालटून ऐकणं वाईट म्हणालो ते यासाठी. जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे नवे एसी मुळात २४ अंशांवर सुरू होतात, त्याखाली नेऊच नका. पावसाळ्यात २६ आणि सोबत पंखा हे उत्तम. ड्राय मोड असेल तर तो वापरा. सकाळी खिडकी उघडायचीच असेल तर त्याआधी एसी बंद करून दार लावलेलंच ठेवा आणि तास-दीड तास खोली स्वतःहून उबदार होऊ द्या. १२० चौरस फुटांना एक टन पुरतो. दीड टनाचा जुन्या पद्धतीचा एसी पाच मिनिटांत खोली थंड करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि कॉइलवरचं पाणी पंखा परत खोलीत उडवतो. खोली थंड पण चिकट वाटत असेल तर कारण हेच.

बंद खोलीत श्वासाचं काय, हा रास्त प्रश्न. घट्ट खिडक्यांच्या ३४ घनमीटर खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड दोन-अडीच हजार पीपीएमच्या पुढे जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या घरात असतो. जीवाला धोका नाही, पण डोकं जड होतं. झोपताना बेडरूमचं दार बोटभर उघडं ठेवा, पश्चिमेची खिडकी नव्हे. एसीला तेवढी ओली हवा झेपते, डीह्युमिडिफायरला झेपत नाही. जीवाला धोका आहे तो दुसरीकडे: बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर ‘बंद ठेवा’ हा सल्ला तिथे लागू नाही. झडप लावलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवून घ्या.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे दोन-तीन इंच जागा आणि खाली पाय हवेत. कपाट उबदार राहावं म्हणून आत ठेवायच्या विजेच्या रॉडबद्दल बरेच गैरसमज आहेत. चार बाय सात फुटांच्या प्लायच्या कपाटात ८-१० वॅटचा रॉड एक अंशसुद्धा धड वाढवत नाही. ३० वॅट लागतात, तेव्हा दोन अंश वाढून ८८ टक्क्यांचे ७९ होतात. चपलांच्या छोट्या कपाटाला मात्र १० वॅट पुरे. रॉड तळाशी, कापडापासून लांब. उघडा बल्ब नको, साडी सरकून त्यावर पडली की आग. सिलिका जेल मोठ्या कपाटात घालणं म्हणजे पैसे पाण्यात: २० किलो सुती कपडे ६० आणि ९० टक्क्यांच्या दरम्यान सुमारे लिटरभर पाणी धरतात, अर्धा किलो जेल जेमतेम दीडशे ग्रॅम. रबरी कड असलेल्या घट्ट डब्यात अल्बम किंवा कॅमेरा ठेवला तर तेच जेल महिनोन्महिने काम देतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे खूप पाणी ओढतात, पण खाली जमणारं द्रव सांडलं तर चामडं आणि हुकं खातं.

कपड्यांचं खरं काम मे महिन्यात होतं. कडक उन्हात दुपारी दोन-तीन तास, रेशमी सावलीत वाऱ्यावर, आणि उबदार असतानाच घट्ट डब्यात. निवत ठेवलेत तर संध्याकाळच्या दमट हवेतून ते पाणी परत घेतात. ज्या साड्या चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, लागणार नाहीत त्या कपाटात कशाला?

चार-पाचशे रुपयांचे दोन आर्द्रतामापक घ्या, एक उघड्या भागात, एक कपाटात. आधी तपासून घ्या: बाटलीच्या बुचात बारीक मीठ, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या रेतीसारखं, मीटरसोबत घट्ट पिशवीत दहा-बारा तास. आकडा ७५ यायला हवा. ७९ आला तर पुढे नेहमी ४ वजा करा. मिठागरातलं जाडं मीठ इथे चालत नाही. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते ७५ च्या बऱ्याच खाली पाणी ओढायला लागतात. बरणीत ते पाऊस पडण्याआधीच सादळतं ते त्यामुळेच.

उघडीप पडली की सगळे खिडक्या उघडतात. बहुधा बरोबर, पण दोन मीटर वाचून ठरवा. आत २७ अंश ८८ टक्के म्हणजे साडेबावीस ग्रॅम, बाहेर ३० अंश ७२ टक्के म्हणजे बावीसच्या जवळपास. उघडा, पंखे जोरात लावा, भिंती गरम होऊ द्या. पण बाहेर ३० अंश आणि ८२ टक्के असतील तर ते पंचवीस ग्रॅम होतात, आणि चार दिवसांच्या पावसाने गार झालेल्या लादीला घाम फुटतो. लादीवर अनवाणी पाय चिकटला की लावून घ्या.

जुन्या कौलारू घराला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे कौलांच्या फटींतून हवा कायम बदलत असते, चुन्याचा गिलावा क्षारी असल्याने बुरशीला मानवत नाही, आणि चुलीचा धूर वाशांना कोरडं ठेवायचा. अशा घरात प्लास्टिक पेंट आणि फॉल्स सीलिंग केलं की पुढच्याच पावसात माळ्यावर कुबट वास येतो. तिथे डीह्युमिडिफायर लावू नका, सीलिंगला कडेने जाळीच्या पट्ट्या सोडा.

आणि दोन-तीन महिने बंद राहणारं घर असेल, तर जाताना आतली सगळी दारं आणि कपाटं उघडी टाका, गाद्या उभ्या करा, फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, नहाणी ट्रॅपमध्ये दोन चमचे खाद्यतेल घाला, म्हणजे पाणी उडून गटाराची हवा वर येणार नाही. चवथीसाठी घर उघडाल तेव्हा आधी पूर्वेच्या खिडक्या आणि पंखे, तासाभराने बाकीच्या. भिंतीवर बुरशी असेल तर कोरडा ब्रश किंवा झाडू मारू नका, बीजाणू घरभर होतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, नाकातोंडाला फडकं बांधा, पुसलेलं फडकं फेकून द्या. ब्लीच वापरणार असाल तर त्यासोबत टॉयलेट क्लीनर अजिबात नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पुसलेली जागा पंख्याने दोन दिवस वाळल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.